दोन्हीकडची बोलणी खायची नोकरी : घ्यावी का?

वडगावची_पोर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतेय, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी मेकॅनिकल. चार वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या (औद्योगिक वसाहत) एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एक्स्पोर्टचं काम बघते. आमचं एक्स्पोर्ट डिपार्टमेंट म्हणजे मी, एक टेबल आणि कागद अडकवणारा प्रिंटर. पंपाच्या बॉडी आणि व्हॉल्व्हचं कास्टिंग जातं, थोडं जर्मनीला, थोडं जपानला. जपानी गिऱ्हाईक आलं तेव्हा मालक म्हणाले, "तू शिकून घे की ती भाषा." त्यांनी ते सहज म्हटलं होतं, मी खरंच शिकले. पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकत शिकत जपानीची एन-थ्री परीक्षा पास झाले.

आता बेंगळुरूहून एक ऑफर आली आहे. परदेशी सरकारच्या व्यापार वाढवणाऱ्या संस्थेचं ऑफिस आहे. त्यांच्या देशातल्या कंपन्यांना इथले पुरवठादार शोधून द्यायचे, पाहुणे आले की फॅक्टऱ्या दाखवायच्या, प्रदर्शनं, रिपोर्ट वगैरे. पगार आताच्या पावणेदोनपट. खरं नोकरी करारावर, दरवर्षी नवा करार.

(इथे "खरं" म्हणजे "पण". बेळगावबाहेरच्यांसाठी सांगितलं.)

बाबा म्हणतात, हे दुभाष्याचं काम झालं, इंजिनीअर कशाला झालीस. मालकांना अजून सांगितलेलं नाही. मला विचारायचंय की या कामाला पुढे काही आहे का? की चाळिशीतही पाहुण्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून "लेफ्टला राणी चन्नम्मा सर्कल" सांगत राहायचं?

काकतीवेस

पहिला. चहा ठेवतो.

जुना_फाउंड्रीवाला

पोरी, बस. तीस वर्षं हेच केलंय, कार्डावर "मार्केटिंग" लिहिलेलं असायचं एवढाच फरक. फॅक्सच्या काळापासून. २००६ला हॅनोव्हरच्या मेळ्यात भारत पार्टनर देश होता, तेव्हा आम्ही बेळगावचे सहा-सात जण गेलो होतो. बॅगेत कास्टिंगचे नमुने, वजन जास्त म्हणून कपडे कमी. थंडीनं हाल झाले.

एक किस्सा सांगतो, म्हणजे या कामात काय असतं ते कळेल.

जर्मन गिऱ्हाइकाला प्रत्येक लॉटबरोबर थ्री पॉइंट वन सर्टिफिकेट लागायचं. युरोपच्या ईएन १०२०४ मानकातलं ३.१. म्हणजे ज्या हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) माल, त्याच हीटचे प्रत्यक्ष तपासलेले आकडे, वर तपासणाऱ्याची सही. आम्ही सहा हीटची सहा सर्टिफिकेटं पाठवली. दोन दिवसांनी त्याचा एका ओळीचा फॅक्स : "सहाही हीटमध्ये कार्बन ३.३८ कसा?"

मी लॅबमध्ये गेलो. पोरगं शांतपणे म्हणालं, "साहेब, सगळं स्पेकच्या आत हाय की. वरखाली दिसू नये म्हणून एकसारखं लिवलं." त्याच्या डोक्यात लबाडी नव्हतीच. पाहुण्यांना ताट नीट वाढून द्यावं, तसं त्यानं आकडे नीट वाढून दिले होते. खरे आकडे वहीत होते, ३.३१ पासून ३.४४ पर्यंत. सगळे चालणारे!

आता मी काय कळवायचं? "टायपिंगची चूक" लिहायला मालकांनी सांगितलं. मी रात्रभर विचार करून वहीची पानंच झेरॉक्स काढून पाठवली आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं. मालक आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो जर्मन पुढे अकरा वर्षं माल घेत होता. खरं तेव्हा मला ते माहीत नव्हतं, तेव्हा फक्त पोटात गोळा होता.

तुझे बाबा म्हणतात तो दुभाष्या "टायपिंगची चूक" नीट इंग्रजीत लिहून देतो. तुला बोलावतायत ते काम दुसरं आहे.

खानापूरचा_शहाणा

काका, किस्सा भारी. पण मला हे "संस्कृतींचा पूल" प्रकरण जरा फुगवलेलं वाटतं. मी खरेदी खात्यात आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आम्ही बघतो भाव, रिजेक्शन आणि वेळ. व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी दिलं म्हणून कुणी पंपाची बॉडी घेत नाही. वर आता फोन समोर धरला की जपानी बोललेलं मराठीत येतं. पाच वर्षांत ही नोकरी राहील का, ते आधी विचारा.

हलके घ्या.

तिळकवाडी_ते_नागोया

@खानापूरचा_शहाणा, फोन शब्द सांगतो हो. माझं रोजचं काम ऐका.

इथे मीटिंगच्या शेवटी समोरचा "केन्तो शिमास" म्हणतो. फोन सांगणार, "आम्ही विचार करू". बरोबर आहे भाषांतर. आणि बेळगावचा उद्योजक आनंदानं हॉटेलवर जाऊन घरी फोन लावतो की ऑर्डर जवळजवळ आली. बहुतेक वेळा ते "नाही" असतं. तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून तसं म्हटलेलं.

गंमत म्हणजे हे आपल्याला कळायला सगळ्यात सोपं जायला पाहिजे. आपल्याकडे मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन "बघू, कळवतो" म्हणून निघाले, तर आईला लगेच कळतं ना? तीच आई जपानी बोर्डरूममध्ये बसवा, पहिल्या मीटिंगलाच सांगेल, "अगं, नाहीये त्यांचं."

दुसरं. इथे मीटिंगमध्ये काही ठरत नाही. ठरलेलं असतं ते मीटिंगमध्ये म्हणतात. आधी एकेकाला गाठून, कागद दाखवून, शंका फेडून ठेवायच्या, याला नेमावाशी म्हणतात. मूळ शब्द बागकामातला : झाड दुसरीकडे लावायचं तर आधी मुळांभोवतीची माती मोकळी करून ठेवतात. आपले लोक थेट मीटिंगमध्ये नवा भाव टाकतात आणि समोरचे सात जण वहीत बघत गप्प बसतात. आपल्याला वाटतं, गप्प आहेत म्हणजे पटलं.

काकतीवेस

पोहे खाऊन "बघू" =)) हसून हसून पुरेवाट.

आमच्या घरी तीन वेळा झालंय. चौथ्या वेळी बहिणीनं पोहेच केले नाहीत.

चिक्कोडी_बसू

माझं मराठी कामचलाऊ, चूक काढू नका. घरात कन्नड, दुकानात मराठी, बँकेत हिंदी, असा आमचा कारभार.

आमच्याकडं "नोडोण री" म्हणजे तेच "बघू". संकेश्वरच्या बाजारात आजोबांपासून मिरचीचा व्यापार. आजोबा म्हणायचे, व्यापारी "नोडोण" म्हणून वर पिशवीत हात घालून मिरची परत चोळायला लागला तर तो घेणार. "नोडोण" म्हणून चप्पल घालायला लागला तर जाणार. हात बघायचा, तोंड नाही.

खरं आता हात बघून भागत नाही. युरोपला मिरची पाठवायची तर अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) बी-वन किलोला ५ मायक्रोग्रॅमच्या आत, सगळे मिळून १० च्या आत. जपानचं तर, फवारणीच्या ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट ०.०१ पीपीएम, २००६ पासून. हे शेतकऱ्याला कसं सांगणार? मी सांगितलं, "अप्पा, शंभर टन मिरचीत एक ग्रॅम औषध सापडलं तर माल परत." तो म्हणाला, "मग शंभर टनात एक ग्रॅम शोधणाऱ्याला दुसरं काम नाही काय?"

मला उत्तर आलं नाही. आता मिरची जमिनीवर नाही, ताडपत्रीवर वाळवायला लावतो. का ते सांगत नाही, "भाव दोन रुपये जास्त मिळतो" एवढंच सांगतो.

जुना_फाउंड्रीवाला

बसू, तुझं मराठी झकास आहे. आणि शेवटची ओळ म्हणजे या धंद्यातलं अख्खं शिक्षण आहे रे.

शहापूरची_मीरा

धागाकर्ती, ऑफरचे व्यवहारी मुद्दे कुणी सांगत नाहीये म्हणून लिहिते. अशाच एका संस्थेच्या ऑफिसात (देश सांगत नाही) मी सहा वर्षं होते.

तिथे वरची खुर्ची कायम त्यांच्या माणसाची. तो तीन-चार वर्षांनी बदलून जातो. पहिलं वर्ष त्याला इथलं काही कळत नाही, दुसऱ्या वर्षी कळायला लागतं, तिसऱ्या वर्षी तो कामाचा होतो आणि चौथ्या वर्षी विमानतळावर सोडून यायचं. मग नवा. त्याला परत पहिल्यापासून सांगायचं, की कोल्हापूर आणि बेळगाव एकमेकांपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असले तरी राज्यं दोन आहेत, त्यामुळे सवलतींचे कागद वेगळे, आणि हो, दोन्हीकडच्या फाउंड्रीवाल्यांची आपसात सोयरीक आहे. सगळी आठवण आपल्याकडे, सही त्याची. हे पटत असेल तरच जा.

चांगली बाजू : सहा वर्षांत मी दोनशेच्या वर कारखाने आतून बघितले. असं बघायला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळत नाही. आणि तिथून पुढे रस्ते फुटतात. जपान सरकारची व्यापार संस्था जेट्रो १९५८ पासूनची आहे, इंडो-जर्मन चेंबर १९५६ची, आपली इंजिनीअरिंग मालाची निर्यात परिषद ईईपीसी १९५५ची. या जगात माणसं एकमेकांना ओळखतात, एकीकडून दुसरीकडे जातात. परकीय व्यापार शिकवणाऱ्या दिल्लीच्या आयआयएफटीचे छोटे कोर्स आहेत, नोकरी करता करता होतात. मी आता स्वतःचं सल्ल्याचं काम करते. पगार ठरलेला नाही, झोप ठरलेली आहे.

करारात नोटीस पीरियड आणि प्रसूती रजा नीट वाच. हसू नका कुणी, मी वाचली नव्हती.

सीमाभागी

बेंगळुरूला जाऊन तिथे गावाचं नाव काय सांगणार, बेळगाव की बेळगावी? आधी ते ठरवा, मग पूल बांधा.

काकतीवेस

आलंच का शेवटी. पॉपकॉर्न आणतो.

कागदी_घोडा

अहो, गंमत नाही, या प्रश्नावरून माझ्या टेबलावर खरंच पैसे अडकले होते. मी बँकेत, परकीय व्यापार विभागात.

१ नोव्हेंबर २०१४ला गावाचं सरकारी नाव बदललं. एका निर्यातदाराची एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) जुन्या पत्त्यावर उघडलेली, "बेलगाम". त्याचं इनव्हॉइस नव्या लेटरहेडवर, "बेलगावी". परदेशातल्या बँकेनं कागद अडवले : पत्ता जुळत नाही, डिस्क्रेपन्सी. माल बोटीवर, पैसे लटकलेले, निर्यातदार माझ्यासमोर घामाघूम.

आता यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) मधलं कलम १४ जे काढून बघा. माल विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एलसीत आहे तसाच शब्दशः असायची गरज नाही, देश तोच असला की झालं. (माल कुणाच्या ताब्यात द्यायचा, कुणाला कळवायचं, या नावांचा पत्ता वाहतुकीच्या कागदावर मात्र तंतोतंत लागतो, तिथे ही सूट नाही.) मी कलमाचा आकडा टाकून तीन ओळींचा संदेश पाठवला. चौथ्या दिवशी पैसे आले.

सीमाभागी, तुमच्या प्रश्नाचं आंतरराष्ट्रीय उत्तर असं आहे की काहीही लिहा, देश तोच असला की झालं :)

संपादक

नावाचा विषय इथेच थांबवू या. त्यासाठी वेगळे चौदा धागे आहेत. इथे नोकरीवर बोला.

अथणी_एक्सप्रेस

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच.

तुम्ही सगळे लोखंडवाले. आमच्याकडे चामडं. २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल आली, नाव कुठेच नाही, मग इकडे बोंब. डिसेंबरात त्यांनी महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या चामड्याच्या दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला. बातम्यांत सगळीकडे "कोल्हापूर". खरं २०१९ची जीआय (भौगोलिक मानांकन) बघा, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे, आणि त्यात बेळगाव आहे. अथणी, मदभावी, निपाणी, इथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. अथणीतल्या टोहोल्ड या कारागिरांच्या संस्थेतल्या बायकांची चप्पल मिलानच्या आधी कितीतरी वर्षं परदेशी जात होती.

आता मुद्दा. परदेशी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा माल दाखवला तेव्हा काय झालं सांगतो. आमच्याकडे काकांनी दहा जोड मांडले, सुरेख वेणी, हिरडा-बाभळीनं कमावलेलं चामडं. त्या बाईंनी दोन जोड उचलले, एकाच नंबरचे. टाचेपाशी जुळवले. एक अर्ध्या बोटानं मोठा. काका म्हणाले, "हाताचं काम हाय, असं व्हणारच. घातलं की पायाला बसतं." हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं गिऱ्हाईक दुकानात येत नाही, डब्यातून घेतं. बसलं नाही तर परत पाठवतं, आणि परत पाठवायचा खर्च चपलेएवढा."

काकांना मी सहा महिने "साइझ" समजावत होतो. डोक्यात उजेड कधी पडला? एकदा त्यांनी नातवाला ऑनलाइन बूट मागवला, लहान आला, परत पाठवताना चार फोन करावे लागले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुठ्ठ्याचे साचे कापायला बसले.

खानापूरचा_शहाणा

हे पटलं. पण मग यात जपान-इटलीची संस्कृती कुठे आली? कारागीर आणि दुकान यांच्यातलाच फरक आहे हा. माझं म्हणणं तेच तर आहे, परदेशी संस्कृतीचा बाऊ उगाच.

तिळकवाडी_ते_नागोया

तुम्ही चुकून बरोबर बोललात :)

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका इंजिनीअरना घेऊन आपल्याकडच्या एका फाउंड्रीत आले होते. नाव सांगत नाही. वय साठीचं, बोलणं कमी, हातात छोटी वही. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) शेडमध्ये एका ट्रॉलीत दहा-बारा बॉडी पडलेल्या, टॅग नाही. त्यांनी विचारलं, या चांगल्या की रिजेक्ट? मी मालकांना मराठीत विचारलं. मालकांनी फोरमनला कन्नडमध्ये. फोरमननं ग्राइंडरवरच्या ओडिशाच्या मुलाला हिंदीत. मुलानं मान हलवली, आपली ती डावी-उजवी वाली. फोरमन कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला, मालक मला म्हणाले, "ओके माल हाय, टेन्शन नाही."

मी जपानीत सांगणार, तेवढ्यात त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर गाडीत मला विचारलं, "त्या मुलापर्यंत तुमचं ड्रॉइंग किती भाषांतून जातं?"

मी मोजलं. ड्रॉइंगवर जपानी टीप, तिचं इंग्रजी, मग मराठी, मग कन्नड, मग हिंदी, आणि तो मुलगा घरी ओडिया बोलतो. सहा.

ऑर्डर त्यांनी नाकारली नाही. एक अट घातली : ट्रॉलीला रंग. हिरवी चांगली, लाल रिजेक्ट, पिवळी म्हणजे विचारून घ्या. मालक आधी चिडले, "आम्हाला काय शाळेतली पोरं समजतो काय?" आज त्यांच्या सगळ्या शेडमध्ये तीन रंग आहेत, देशी मालालासुद्धा. तेव्हा जपान आणि बेळगावमधला खड्डा बुजवायला गेलं की उद्यमबागेतल्या उद्यमबागेतच चार खड्डे सापडतात.

अवांतर : इथे वरिष्ठांना सारखं कळवत राहायचं, सांगायचं, विचारायचं, या पद्धतीला होरेनसो म्हणतात. होरेनसोचा दुसरा अर्थ पालक. भाजी.

काकतीवेस

आमच्याकडेही पालकांना सारखं कळवत राहावं लागतं. संस्कृती एकच आहे हो.

वडगावची_पोर

बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. मीराताई, करार परत वाचला. प्रसूती रजा आहे. नोटीस तीन महिने, ते जरा टोचतंय.

नागोयाताई, ट्रॉली वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही टॅग नाहीत. सोमवारी आधी ते.

आता जी गोष्ट धाग्यात लिहायला कचरत होते ती लिहिते. नव्या नोकरीत उद्या कुणी विचारलं, "पंपाच्या बॉडीसाठी बेळगावात चांगली फाउंड्री कुठली?", तर मी काय सांगणार? माझ्या मालकांनी मला भाषा शिकायची फी दिली आहे. आमचा माल चांगला आहे. पण वेळेचं... पाऊस पडला की खानापूरकडची पोरं भाताच्या लावणीला जातात. मग गणपती, आणि आमच्या गावचं विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं. जूनपासून डिलिव्हरीची तारीख म्हणजे नुसती भविष्यवाणी. मी चार वर्षं "मशीन ब्रेकडाउन" लिहितेय. आमचं एक मशीन कागदोपत्री आतापर्यंत अकरा वेळा मोडलंय.

म्हणजे मी त्या टेबलावर बसले की माझ्याच जुन्या ईमेलांची पोल मला माहीत असणार!

आणि हो, एन-थ्रीच्या वर्गात मी "मी आलो, मी गेलो" म्हणायची तेव्हा पुण्याच्या मुली हसायच्या. बाईंनी एकदा थांबवून सांगितलं की जपानीत क्रियापदाला लिंगच नसतं. तेव्हापासून मला ती भाषा घरची वाटते.

जुना_फाउंड्रीवाला

अकरा वेळा! आमचं कॉम्प्रेसर होतं असं. बिचारं एकदाही बिघडलं नाही, खरं जर्मनीत त्याची ख्याती होती.

ऐक. २००९-१०ची गोष्ट असेल. मी कंटाळून एका वर्षी जानेवारीतच सगळ्या गिऱ्हाइकांना एक कागद पाठवला. लावणी कधी, जत्रा कधी, गणपती कधी, दिवाळी कधी, त्या आठवड्यांत आमचं उत्पादन किती खाली येतं. मालकांना न सांगता. वाटलं, नोकरी जाणार.

तीन जर्मन गिऱ्हाइकांपैकी दोघांनी उलट स्वतःचा कागद पाठवला. ऑगस्टमध्ये त्यांचा कारखाना तीन आठवडे बंद, सगळे समुद्रावर. नाताळला दोन आठवडे बंद. म्हणजे त्यांचीपण जत्राच की! आम्ही इतकी वर्षं जुलैत ओव्हरटाइम करून माल पाठवायचो आणि तो तिकडे ऑगस्टभर गोदामात पडून राहायचा. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ऑर्डरी मे आणि सप्टेंबरच्या शेवटाकडे सरकवल्या. भांडण निम्मं झालं. तिसऱ्यानं मात्र ऑर्डर कमी केली, ते लपवत नाही.

जपान्यांचीही एप्रिलअखेरीला गोल्डन वीकची सुट्टी असते, ऑगस्टच्या मध्याला ओबोनची. बघ जुळवून.

आणि तुझा प्रश्न, कुठली फाउंड्री चांगली? सांग : "माझी जुनी कंपनी आहे, माल चांगला, जूनमध्ये घाई करू नका." यात काय खोटं आहे? तुझे मालक चिडतील आधी. चिडू दे.

शहापूरची_मीरा

काकांशी थोडी असहमत. ऑफिसात रुजू होताना लेखी सांगून ठेव की आधीच्या कंपनीची शिफारस तू करणार नाहीस, ती यादी दुसऱ्यानं बघावी. निदान पहिली दोन वर्षं. तिथे तुझी कमाई म्हणजे तुझ्या शब्दावर विश्वास, आणि तो एकदा गेला की सगळ्यात वरची एन-वन झालीस तरी उपयोग नाही. माझ्या एका सहकाऱ्यानं मेहुण्याच्या कारखान्यात पाहुणे नेले होते. कारखाना खरंच चांगला होता. तरी गेला तो.

जुना_फाउंड्रीवाला

हे बरोबर. माझं मागे घेतो. मी कायम एकाच बाजूचं मीठ खाल्लं, दोन्हीकडचं खाणाऱ्याचा नियम वेगळा असणार.

चिक्कोडी_बसू

बाबांना काय सांगणार ते राहिलंच की. दुभाष्या म्हणतात त्यांना सांगा, दुभाष्यानं बोलायचं थांबवलं तर मीटिंग थांबते. इंजिनीअर बोलायचा थांबला तर मीटिंग लवकर संपते.

खानापूरचा_शहाणा

बसूअण्णा __/\__

मी माझा फोनवाला मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच. बरं, या धाग्यातून निघालेला एक खरा प्रश्न : लावणीला जाणारी पोरं आमचीच आहेत. त्यांना जाऊ न देऊन चालणार नाही, शेत पडीक पडेल. तेव्हा तारीख बदला, पोरं नका बदलू.

वडगावची_पोर

अपडेट. सोमवारी ट्रॉल्यांना रंग मारायला घेतला. फोरमन म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "नागोयाहून आदेश आलाय." घाबरले.

काल मालकांना ऑफरचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून माझ्या वर्गाच्या फीची पावती काढली, चार वर्षं ठेवली होती! मला वाटलं पैसे मागतात. म्हणाले, "ही तुझ्या फायलीत लाव, तिकडं दाखवायला लागंल." मग मी तीन महिन्यांची नोटीस, नवीन माणूस शिकवून जाते, कॅलेंडर करून देते, सगळं बोलले. दर महिन्याला एक शनिवार येऊन बसू का, तेही विचारलं.

मालक म्हणाले, "बघू."

तिळकवाडी_ते_नागोया

बेळगावचं बघू की जपानचं?

चिक्कोडी_बसू

हात कुठं होता त्यांचा?

वडगावची_पोर

चहाच्या घंटीवर.

काकतीवेस

मग झालं काम. कुंदा कधी?

हलगा_ट्रान्सपोर्ट

धागा उशिरा वाचला, माफ करा. एक मदत पाहिजे. जपानला पहिलंच शिपमेंट आहे, न्हावा शेवाचा एजंट म्हणतो, लाकडी पॅलेटवर शिक्का नाही, परत न्या. कसला शिक्का? गाडी कोल्हापूरच्या पुढे गेलीय. अर्जंट.

वडगावची_पोर

आयएसपीएम १५चा (लाकडातून कीड जाऊ नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का. पॅलेट उष्णता देऊन घेतल्याचा, आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, अर्धा तास. त्यावर गव्हाच्या कणसाचं चिन्ह, "आयएन", पॅलेटवाल्याचा नंबर आणि "एचटी" अशी अक्षरं असतात. रंगानं घरी काढू नका, पकडतात. गाडी पुढे नेऊ नका, जवळपास अधिकृत ट्रीटमेंटवाला कुठे आहे ते एजंटला विचारा, तिथे पॅलेट बदलून मिळतील. बदलताना लाकडाला साल राहिलेली नाही ना, ते स्वतः बघा. माझा नंबर खाजगी निरोपात पाठवलाय, आत्ता फोन करा.